‘धर्म विरुद्ध कला’ हे शीर्षक मी का खोडलं?

संशोधनाची तयारी करताय म्हणजे ‘विषय काय घेतलाय?’ हा प्रश्न तुम्हाला एव्हाना वीस जणांनी तरी विचारला असेल. विषय सांगता येतो. पंचाईत होते ती पुढच्या प्रश्नाला : ‘बरं, मग तुमचा प्रश्न काय आहे?’

माझा विषय अमेरिकेतल्या चर्चशी जोडलेल्या विद्यापीठांमधली नाटकं हा आहे. विद्यार्थ्यांनी बसवलेली, आणि आसपासच्या लोकांनी येऊन पाहिलेली. पहिल्या आराखड्यावर मी झोकात शीर्षक लिहिलं होतं, ‘धर्म विरुद्ध कला’. आमच्या मॅडमनी आराखडा वाचला, ‘विरुद्ध’ या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल केला आणि कागद परत दिला. त्या गोलाचा अर्थ कळायला मला काही महिने लागले. ते महिने तुमचे वाचावेत म्हणून हा लेख. एकाच घटनेवर बोलू या आणि तिच्यातून संशोधनाचा प्रश्न कसा निघतो, किंवा आपण काढायचा विसरतो, ते पाहू.

घडलं काय?

स्थळ : टेक्सास राज्यातलं वेको हे शहर. तिथलं बेलर विद्यापीठ बॅप्टिस्ट पंथाचं. १८४५ मध्ये, टेक्सास अजून स्वतंत्र प्रजासत्ताक होतं तेव्हा, त्याला सनद मिळाली. १९३४ मध्ये पॉल बेकर नावाचा एक तरुण शिक्षक इथे नाटक शिकवायला आला. पुढची जवळपास तीन दशकं, मधला युद्धाचा काळ सोडला तर, त्याने बेलरमध्ये जे काही केलं त्याने हे नाव देशभर पोचलं.

१९४१ मध्ये तिथे ‘स्टुडिओ वन’ उभं राहिलं. प्रेक्षक मधोमध, फिरत्या खुर्च्यांवर, आणि रंगमंच त्यांच्या बाजूंना. नाटक जिकडे सरकेल तिकडे प्रेक्षकाने खुर्ची वळवायची. १९५६ मध्ये बेकर यांनी ‘हॅम्लेट’ केलं. त्यात व्यावसायिक नट बर्जेस मेरेडिथ होता आणि त्याच्यासोबत हॅम्लेटच्या मनाच्या वेगवेगळ्या बाजू दाखवणारे विद्यार्थी नट होते. बेकर यांच्या पत्नी किटी बेकर यांनी मुलांसाठी रंगभूमीचं काम सुरू केलं, म्हणजे गावातली शाळकरी पोरंही या इमारतीत यायला लागली. तिकडे डॅलस शहरातल्या नागरिकांनी स्वतःचं नाट्यगृह उभारायचं ठरवलं, तेव्हा संचालक म्हणून त्यांनी बेकर यांनाच बोलावलं. फ्रँक लॉइड राइट या वास्तुरचनाकाराने आराखडा केलेलं ‘डॅलस थिएटर सेंटर’ डिसेंबर १९५९ मध्ये उघडलं. बेलरचे नाटकातले पदव्युत्तर विद्यार्थी तिथे काम करत शिकू लागले. विद्यार्थ्यांचं नाटक आणि शहराचं नाटक यांच्यातली भिंत इथे फारच पातळ होती, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

डिसेंबर १९६२. बेलरमध्ये यूजीन ओनील यांच्या ‘लाँग डेज जर्नी इंटू नाइट’ या नाटकाचे प्रयोग सुरू झाले. नाटक एका घरातलं, एका दिवसातलं. चिक्कू स्वभावाचा नट बाप, मॉर्फिनच्या विळख्यात सापडलेली आई, दारुडा थोरला मुलगा, क्षयाने आजारी धाकटा. चौघं एकमेकांवर प्रेमही करतात आणि एकमेकांना सोलूनही काढतात. ओनील यांनी हे आपल्याच घरावर लिहिलं होतं, आणि आपल्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षं ते छापू नये अशी त्यांची इच्छा होती. ते १९५३ मध्ये गेले. हक्क पत्नी कार्लोटा यांच्याकडे होते, त्यांनी नाटक १९५६ मध्येच बाहेर येऊ दिलं. पहिला प्रयोग स्टॉकहोमला झाला, १९५७ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळालं. म्हणजे वेकोत ते आलं तेव्हा हे काही कोपऱ्यातलं भडक नाटक नव्हतं, अमेरिकी रंगभूमीच्या अगदी वरच्या रांगेतलं होतं.

पण त्यातली पात्रं शिव्या देतात. देवाचं नाव नको तिथे, नको तसं घेतात. तक्रारी आल्या. विद्यापीठाचे अध्यक्ष ॲबनर मॅकॉल यांनी काही प्रयोगांनंतर नाटक थांबवलं. शिव्या गाळून प्रयोग चालू ठेवता आले नसते का? नाही, कारण प्रयोगाचे हक्क देतानाच अट होती की संहितेत बदल करायचा नाही. बेकर यांनी काटछाट करायला नकार दिला. मार्च १९६३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि त्यांच्यासोबत नाट्यविभागातला सगळा अध्यापकवर्ग बाहेर पडला. ते सगळे गेले सॅन अँटोनिओला, ट्रिनिटी विद्यापीठात. डॅलसमधला पदव्युत्तर अभ्यासक्रमही ट्रिनिटीशी जोडला गेला.

झाली घटना. आता तुम्ही सांगा, पहिल्या वाचनात काय शीर्षक सुचतं? अगदी बरोबर. मलाही तेच सुचलं होतं.

सोपी गोष्ट कुठे फाटते?

‘धर्माने कलेचा गळा दाबला, कलावंत बाहेर पडले’ ही गोष्ट ऐकायला छान आहे. तिच्यात नायक आहे, खलनायक आहे, त्याग आहे. पण संशोधक म्हणून आपलं पहिलं काम म्हणजे अशा गोष्टीला न बसणारे तपशील शोधायचे आणि ते गालिच्याखाली सरकवायचे नाहीत. इथे मला असे तीन तपशील सापडले.

पहिला : बेलरच्या आवारात नाचाच्या कार्यक्रमांवर १९९६ पर्यंत बंदी होती. हो, एकोणीसशे शहाण्णव! चॅपलला हजेरी लावणं विद्यार्थ्यांना सक्तीचं होतं. अशा ठिकाणी नाटकाला मात्र १९३४ पासून जागा मिळाली, इमारत मिळाली, बाहेरचा नट आणायला परवानगी मिळाली. धर्म मुळातच कलेच्या विरोधात असता तर ही तीस वर्षं कुठून आली? ‘बंदी का आली?’ हा प्रश्न कुणीही विचारेल. ‘इतकी वर्षं बंदी का नव्हती?’ हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे आणि त्याचं उत्तर जास्त अवघड आहे. कुठल्याही बंदीवर काम करणार असाल तर हे दोन्ही प्रश्न एकाच पानावर लिहून ठेवा.

दुसरा : ही मंडळी गेली कुठे? न्यूयॉर्कला नाही, सरकारी विद्यापीठातही नाही. ती गेली दुसऱ्या ख्रिस्ती विद्यापीठात, आणि तेही बेलरपेक्षा लहान. ट्रिनिटीची स्थापना १८६९ मध्ये कंबरलँड प्रेस्बिटेरियन लोकांनी टेक्सासमधल्याच टेहुआकाना या गावात केली. १९०२ मध्ये ते वॉक्सहॅची गावी आलं आणि १९४२ मध्ये सॅन अँटोनिओला. मी आधी यावर एक पळवाट काढली होती : ‘ट्रिनिटी तोवर नावापुरतंच ख्रिस्ती उरलं असेल.’ तारखा तपासल्यावर ती पळवाट बंद झाली. चर्चचं औपचारिक नियंत्रण सुटून ते नातं नुसत्या आपसातल्या बांधिलकीचं झालं १९६९ मध्ये. बेकर गेले १९६३ मध्ये. म्हणजे एका चर्चच्या विद्यापीठातून निघालेलं बिऱ्हाड दुसऱ्या चर्चच्या विद्यापीठात उतरलं. माझ्या शीर्षकातला ‘विरुद्ध’ इथेच मोडला. आणि हो, स्वतः बेकर १९३२ मध्ये ट्रिनिटीतूनच पदवीधर झाले होते, तेव्हा ते वॉक्सहॅचीला होतं. त्यांच्या दृष्टीने हे काही अनोळखी दार नव्हतं. अशा व्यक्तिगत धाग्यांना संशोधनात कमी लेखू नका.

तिसरा : मॅकॉल कोण होते? मी त्यांना मनातल्या मनात एक कर्मठ धर्मगुरू करून टाकलं होतं. प्रत्यक्षात ते कायद्याचे माणूस. बेलरच्या विधी महाविद्यालयाचे अधिष्ठाता होते, आणि १९५६ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश म्हणूनही त्यांची नेमणूक झाली होती. करार म्हणजे काय हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. संहिता बदलता येत नाही याचा अर्थ त्यांच्यापुढे दोनच पर्याय होते, सगळं चालू द्यायचं किंवा सगळं थांबवायचं. त्यांचा निर्णय तुम्हाला पटायलाच हवा असं नाही, मलाही पटत नाही. पण निर्णय घेताना त्यांच्या टेबलावर काय काय होतं हे न पाहता त्यांना खलनायक ठरवणं म्हणजे इतिहास लिहिणं नव्हे.

तक्रार चालते कशी?

मग प्रश्न कसा मांडायचा? मी मांडला तो असा : विद्यापीठातल्या नाटकाचा प्रेक्षक नेमका कोण असतो, आणि त्यातल्या कुणाला ‘हे आमचं आहे’ असं म्हणण्याचा हक्क असतो?

नुसता नाट्यगृहातला प्रेक्षक मोजू नका. बेलरच्या नाटकाला विद्यार्थी येत, गावकरी येत, पालक येत. पण न आलेलेही बरेच जण त्या नाटकाशी जोडलेले होते. बेलरचे विश्वस्त टेक्सासमधल्या बॅप्टिस्ट चर्चेसच्या अधिवेशनाकडून नेमले जात, आणि त्या अधिवेशनाकडून विद्यापीठाला पैसाही येई. म्हणजे दूरच्या कुठल्या तरी खेड्यातल्या चर्चमध्ये रविवारी दानपेटीत पैसे टाकणारा शेतकरीही ‘आमचं बेलर’ म्हणू शकत होता. नाटक त्याने पाहिलं नसेल, पण त्यात काय म्हटलं जातं हे त्याच्या कानावर जाऊ शकत होतं.

इथे चर्चची रचना समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बॅप्टिस्ट पंथात बिशप नसतो. प्रत्येक स्थानिक चर्च आपापलं स्वायत्त. त्यामुळे वरून फतवा येत नाही, दबाव खालून येतो. शंभर चर्चमधून शंभर पत्रं येऊ शकतात आणि त्यांना अडवणारं मधलं दार नसतं. प्रेस्बिटेरियन पंथात निवडलेल्या वडीलधाऱ्यांची मंडळं असतात, एकावर एक अशी : स्थानिक चर्चचं, त्यावर विभागाचं, त्यावर सिनॉड. तक्रार करायची तर ती या पायऱ्या चढत जाते, आणि प्रत्येक पायरीवर कुणीतरी ‘बसा, बोलू’ म्हणणारा असतो. दोन्ही पंथ धार्मिकच. पण तक्रारीचा प्रवास वेगळा. या दोन विद्यापीठांत नाटकाला मिळालेली जागा वेगळी का होती, याच्या उत्तराचा एक भाग इथे असावा असं माझं गृहीतक आहे. गृहीतक म्हणतोय, निष्कर्ष नाही. ते पडताळण्यासाठीच तर पुढची तीन वर्षं आहेत.

आणखी एक हक्कदार विसरू नका, तो म्हणजे नाटककार. ‘एक शब्दही बदलायचा नाही’ ही अट घालणारे लोक वेकोत कधी आले नसतील, पण या भांडणातली सगळ्यात कडक ओळ त्यांचीच होती. म्हणजे एका विद्यार्थी प्रयोगावर किती जणांचा हात होता बघा : विद्यार्थी, शिक्षक, अध्यक्ष, विश्वस्त, राज्यभरातली चर्चेस, शहर, आणि हक्क सांभाळणारी मंडळी. ‘धर्म’ आणि ‘कला’ या दोन पेट्यांत हे सगळे कोंबता येत नाहीत.

कागद कुठले, आणि कुणाचे?

आता कामाचं. अशा विषयात आपण सहसा गाजलेल्या माणसाच्या आठवणींपासून सुरुवात करतो. मीही केली. बेकर यांचं स्वतःचं ‘इंटिग्रेशन ऑफ ॲबिलिटीज’ हे पुस्तक १९७२ मध्ये ट्रिनिटीच्याच प्रकाशनाने काढलं. जागा, रेषा, लय, आवाज अशा मूलभूत गोष्टींतून प्रत्येकाने स्वतःची सर्जनशीलता शोधायची, मग तो नट होवो वा नसो, अशी त्यांची शिकवण. २००३ मध्ये रॉबर्ट फ्लिन आणि यूजीन मॅकिनी यांनी बेकर यांच्यावर एक पुस्तक संपादित केलं. दोन्ही वाचनीय आहेत. पण थांबा. फ्लिन आणि मॅकिनी हे दोघेही बेलरमधून ट्रिनिटीत गेलेल्यांपैकी. म्हणजे आपल्या हातातली मुख्य कथा बाहेर पडलेल्यांनी सांगितलेली आहे. ती खोटी आहे असं मी म्हणत नाही, एका बाजूच्या खिडकीतून दिसलेली आहे एवढंच.

मागे राहिलेल्यांचं काय? ज्यांची पदवी अर्धवट होती त्यांचं? नाटकात काम करणाऱ्या त्या मुलामुलींचं, ज्यांनी कित्येक आठवडे तालीम केली आणि मग एके दिवशी प्रयोग नाही असं ऐकलं? काही विद्यार्थी शिक्षकांमागोमाग ट्रिनिटीत गेले. पण ज्यांना घरचा पैसा, वेकोतली नोकरी किंवा आईवडिलांचा शब्द सोडता आला नसेल, त्यांच्याबद्दल आठवणींच्या पुस्तकांत ओळही क्वचित सापडते. हा संघर्ष ‘तत्त्वासाठी’ झाला खरा, पण तत्त्वाचं बिल कुणी भरलं हे विचारणं इतिहासकाराचं काम आहे.

त्यासाठी साधे कागद लागतात. बेलरचं ‘लॅरिएट’ हे विद्यार्थ्यांचं वर्तमानपत्र १९०० पासून निघतंय. ट्रिनिटीचं ‘ट्रिनिटोनियन’ १९०२ पासून. अग्रलेख वाचाच, पण आतली पानंही वाचा : तिकिटांचे दर, पात्रयादी, संपादकांना आलेली पत्रं, तालमीसाठी हवे असलेले सुतार. प्रयोगाची छापील पत्रिका सापडली तर मागचं पान आधी बघा. सामान कुणी दिलं, पोशाख कुणी शिवले, कुठल्या दुकानाची जाहिरात आहे यावरून ‘समुदाय’ म्हणजे नेमकं कोण ते कळतं. विश्वस्तांची इतिवृत्तं कोरडी असतात, पण काय लिहायचं टाळलंय हे त्यातूनच दिसतं. आणि जिवंत माणसं. बेलरमध्ये १९७० पासून मौखिक इतिहासाचं काम चाललंय. मौखिक साक्ष वाचताना ती केव्हा दिली ही तारीख आधी लिहून घ्या. वीस वर्षांनी सांगितलेला राग आणि त्याच आठवड्यातला राग सारखा नसतो.

पुढे काय झालं, आणि एक सावधगिरी

ट्रिनिटीत या मंडळींचं बरं चाललं. १९६४ मध्ये फ्लिन यांनी फॉकनरच्या ‘ॲज आय ले डाइंग’ या कादंबरीवरून केलेलं ‘जर्नी टू जेफरसन’ पॅरिसच्या ‘थिएटर ऑफ नेशन्स’ महोत्सवात गेलं आणि तिथे त्याचा गौरव झाला. १९६६ मध्ये ट्रिनिटीच्या आवारात रूथ टेलर थिएटर उभं राहिलं. एका लहान विद्यापीठाने एका झटक्यात अख्खा तयार विभाग मिळवला, असंही या घटनेकडे बघता येतं. महत्त्वाकांक्षी छोटी संस्था मोठ्या संस्थेच्या भांडणातून कशी वाढते, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. कुणाला हवा असेल तर घ्या, मी मागे लागणार नाही.

पण शेवट गोड करून टाकू नका. १९८२ मध्ये बेकर यांना डॅलस थिएटर सेंटरही सोडावं लागलं. तिथे चर्च नव्हतं. नागरिकांचं नाट्यगृह होतं, नागरिकांचं मंडळ होतं. ‘हे आमचं आहे’ म्हणणारे लोक तिथेही होतेच.

आता सावधगिरी. हे वाचताना तुमच्यापैकी निम्म्यांच्या डोक्यात ‘घाशीराम कोतवाल’ आलं असणार. माझ्याही आलं. डिसेंबर १९७२ मध्ये पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने नाटक आणलं, संस्थेनेच ते थांबवलं, तरुण मंडळी बाहेर पडली आणि १९७३ मध्ये ‘थिएटर अकॅडमी’ उभी राहिली. सांगाडा तोच वाटतो ना? म्हणूनच जपून. पीडीए ही हौशी मंडळींची संस्था, तिथे कुणाची पदवी किंवा पगार टांगणीला नव्हता. आक्षेप तिथे नाना फडणवीसांच्या चित्रणावर होता, म्हणजे इतिहास आणि जात यांच्याशी त्याचा संबंध. वेकोत तो तोंडी येणाऱ्या शब्दांवर होता. पुण्यात एक नाटक चालू ठेवायला नवी संस्था निघाली, वेकोतून अख्खा विभाग उठून दुसऱ्या संस्थेत गेला. तुलना जरूर करा, पण ती साम्यावर संपवू नका. साम्य आपल्याला ओळखीचं वाटतं म्हणून लगेच दिसतं. संशोधन त्यानंतर सुरू होतं.

तर आज घरी गेल्यावर एक करा. तुमचा आराखडा काढा आणि त्यात ‘विरुद्ध’, ‘संघर्ष’, ‘दडपशाही’ असे शब्द कुठे आहेत ते बघा. मी ते शब्द काढायला सांगत नाहीये. कधीकधी तेच योग्य असतात. प्रत्येकापुढे फक्त लिहा : नेमका कोण, कुणाच्या पैशाने, कुठल्या अधिकाराने, आणि आधी का नाही? चारपैकी दोन उत्तरं जरी देता आली नाहीत तरी खूश व्हा, तुम्हाला प्रश्न सापडलाय.

माझं शीर्षक आता ‘विद्यापीठाचं नाटक, समुदायाचा हक्क’ असं झालंय. नवा आराखडा मागच्या आठवड्यात मॅडमना दिला. त्यांनी ‘समुदाय’ या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल केलाय. त्यावर पुढच्या लेखात.